अ‍ॅजिंकोर्टची लढाई कशी वाचावी: ‘पाचवा हेन्री’ नाटकाच्या चौथ्या अंकाचे क्रमवार वाचन

शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकातले एक भाषण नाटकाला मागे ठेवून जगभर फिरले आहे. २५ ऑक्टोबर १४१५ च्या सकाळी, संत क्रिस्पिनच्या सणाच्या दिवशी, फ्रान्समधल्या अ‍ॅजिंकोर्टच्या रानात दमलेल्या, आजारी इंग्लिश सैन्यापुढे तरुण राजा उभा राहतो आणि ‘आपण थोडे, आपण भाग्यवान थोडे, आपण सारे भाऊ’ अशा अर्थाच्या शब्दांनी त्यांना मरायला तयार करतो. नेतृत्वाचा धडा म्हणून या पन्नासेक ओळी शिबिरांतून आणि वर्गांतून वाचून दाखवल्या जातात. त्या ओळींचे सामर्थ्य मी नाकारत नाही; प्रत्येक वेळी वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्याच अंकात, आदल्या रात्री, एक साधा शिपाई राजाला असा प्रश्न विचारतो की त्याला राजाकडे उत्तर नसते, आणि भाषणानंतर तीनच प्रवेशांनी तोच राजा हाती लागलेल्या कैद्यांना ठार मारण्याचा हुकूम देतो. भाषण तेवढे कापून घेतले की हे दोन्ही हातातून जाते आणि उरतो तो फक्त टाळ्यांचा राजा.

मराठी वाचकाची शेक्सपिअरशी ओळख बहुधा हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅक्बेथ आणि लिअर यांच्या शोकांतिकांतून होते. इतिहासनाटके मागे पडतात आणि त्यांत लढाया, घोषणा आणि वंशावळी यांपलीकडे फारसे काही नसेल असा समज होऊन बसतो. हा समज दूर व्हावा अशी मनापासून इच्छा असल्यामुळे, चौथा अंक कोणत्या क्रमाने, कुठे थांबत आणि काय टिपत वाचावा हे पुढे सविस्तर लिहिले आहे. एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी, वाचनगट किंवा प्रयोगाची तालीम करणारी हौशी मंडळी, या सर्वांना ते वापरता यावे.

वाचायला बसण्यापूर्वी

टीपा असलेली आवृत्ती घ्यावी आणि ती १६२३ च्या फोलिओ संहितेवर (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित संग्रहावर) आधारलेली आहे याची खात्री करावी. नाटक १५९९ मध्ये लिहिले गेले. १६०० मध्ये छापलेली क्वार्टो संहिता, म्हणजे या एकाच नाटकाची सुटी छापील प्रत, बरीच आखूड आहे, तिच्यात सूत्रधाराची सगळी निवेदने गाळलेली आहेत आणि पहिला प्रवेशही नाही. या दोन गोष्टींशिवाय नाटकाचा तोल बदलतो, हे लवकरच लक्षात येईल.

एक वही घ्यावी आणि समोरासमोरच्या दोन पानांवर दोन मथळे लिहावेत. डाव्या पानावर ‘राजा काय म्हणतो’ आणि उजव्या पानावर ‘त्याचा भार कोणावर पडतो’. पद्धत साधी आहे, पण अनेक वर्षे हा अंक वाचून आणि वाचवून घेतल्यावर मला याहून उपयोगी दुसरी सापडलेली नाही. शेक्सपिअर स्वतः टीका करत नाही, तो प्रवेशांचा क्रम लावतो. आणि तो क्रम दोन पानांवर मांडला की जे एरवी सुटते ते आपोआप दिसू लागते. अंक शक्यतो मोठ्याने वाचावा. तास-सव्वातास पुरतो.

मागची चार ठिकाणे

सगळे नाटक वाचायला वेळ नसेल तरी चौथ्या अंकापूर्वी चार जागा वाचल्याच पाहिजेत. पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात दोन धर्मगुरू बोलतात, आणि चर्चच्या जमिनी काढून घेणारे विधेयक टाळण्यासाठी राजाला फ्रान्सच्या मोहिमेकरता मोठी रक्कम देऊ केली आहे हे आपल्याला कळते. त्यानंतर त्या दोघांतलेच एक, कँटरबरीचे आर्चबिशप, युद्ध न्याय्य असल्याचा निर्वाळा देतात. दुसऱ्या अंकात राजा कटात सापडलेल्या आपल्या जिवलग मित्राला, स्क्रूपला, मृत्युदंडासाठी पाठवतो. तिसऱ्या अंकात हार्फ्लरच्या वेशीपुढे, शहर शरण आले नाही तर तान्ही मुले भाल्यांवर टोचली जातील, अशी धमकी तो देतो. मात्र शहर शरण येताच सर्वांवर दया करण्याची आज्ञाही देतो. त्याच अंकात पुढे त्याचा तरुणपणीचा सोबती बार्डॉल्फ चर्चमधली एक वस्तू चोरल्याबद्दल फासावर जातो, आणि राजा ओळखीचे चिन्हही दाखवत नाही. इथे तो म्हणतो की राज्यासाठी दया आणि क्रौर्य यांचा डाव मांडला जातो तेव्हा सौम्य खेळाडू लवकर जिंकतो. हे वाक्य डाव्या पानावर शब्दशः उतरवून ठेवावे.

पहिली पायरी: रात्रीचा झगा

चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश हा साऱ्या अंकाचा पाया आहे, म्हणून निम्मा वेळ इथेच खर्च झाला तरी हरकत नाही. सूत्रधार सांगतो की राजा छावणीत फिरतो आहे, प्रत्येकाला भाऊ, मित्र, देशबंधू म्हणतो आहे आणि त्याच्या दर्शनाने भ्यालेल्यांना ऊब मिळते आहे. नंतर प्रत्यक्ष प्रवेश सुरू होतो आणि आपल्याला दिसते ते वेगळेच. राजा सर टॉमस एर्पिंगहॅम या वृद्ध सरदाराचा झगा मागून घेतो, तोंड लपवतो आणि शिपायांमध्ये अनोळखी म्हणून शिरतो. ज्याने ऊब द्यायची तो अंधारात भांडण करून परततो. सूत्रधाराचे निवेदन आणि प्रवेश यांतला हा फरक टिपून ठेवावा; क्वार्टोत निवेदनच नसल्याने तो तिथे दिसत नाही.

जॉन बेट्स, अलेक्झांडर कोर्ट आणि मायकेल विल्यम्स हे तिघे शिपाई पहाट उजाडताना पाहत आहेत. शेक्सपिअरने त्यांना पूर्ण नावे दिली आहेत याकडे लक्ष द्यावे, कारण अंकाच्या शेवटी नावांचा प्रश्न पुन्हा येणार आहे. संभाषण गद्यात आहे. राजाही गद्यात बोलतो. वेषांतरातला राजा म्हणतो की राजाचे कारण न्याय्य आहे, त्याच्या सोबतीने मरण्यात समाधान आहे. विल्यम्सचे उत्तर तीन-चार शब्दांचे आहे: ते आम्हाला ठाऊक नाही. बेट्स पुढे म्हणतो की आपण राजाची प्रजा आहोत एवढे कळले की पुरे. कारण चुकीचे असेल तर आपल्या आज्ञापालनाने आपला दोष धुतला जातो. त्यावर विल्यम्स जे बोलतो ते नाटकाचे हृदय आहे. कारण चांगले नसेल तर राजाला फार मोठा हिशेब द्यावा लागेल, कारण लढाईत तुटलेले ते सगळे पाय, हात आणि मुंडकी शेवटच्या दिवशी एकत्र येतील आणि ‘आम्ही अमक्या ठिकाणी मेलो’ असा आक्रोश करतील; कोणी शिव्या देत, कोणी वैद्याला हाक मारत, कोणी मागे उरलेल्या गरीब बायकोसाठी, कोणी न फेडलेल्या कर्जासाठी, कोणी पोरक्या मुलांसाठी.

आता राजाचे उत्तर सावकाश वाचावे. ते लांब आहे, दाखल्यांनी भरलेले आहे. बापाने व्यापारासाठी पाठवलेला मुलगा समुद्रावर पापी अवस्थेत मेला तर त्याचे पाप बापाच्या माथी मारायचे का, असे तो विचारतो आणि शेवटी म्हणतो की प्रत्येक प्रजाजनाचे कर्तव्य राजाचे आहे, पण प्रत्येकाचा आत्मा ज्याचा त्याचा आहे. विल्यम्स हे मान्यही करतो. पण विल्यम्सने काय विचारले होते ते उजव्या पानावर पाहा. युद्धाचे कारण चांगले नसेल तर काय, हा त्याचा प्रश्न होता. मेलेल्याच्या वैयक्तिक पापांचे काय, या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर राजाने दिले. हे बगल देणे जाणूनबुजून आहे की राजाला खरोखरच प्रश्न ऐकू आलेला नाही, यावर आमच्या वाचनगटात दर वेळी दोन तट पडतात, आणि नटाला तर एक बाजू घ्यावीच लागते.

यानंतर खंडणीवरून ठिणगी पडते. आपण पकडले गेलो तरी खंडणी देऊन सुटणार नाही असे राजाने म्हटले आहे, हे ऐकल्यावर विल्यम्स म्हणतो की आम्ही आनंदाने लढावे म्हणून तो तसे म्हणाला. आमचे गळे कापले गेल्यावर तो सुटला तर आम्हाला काय कळणार? भांडण पेटते आणि दोघे हातमोजे बदलतात. लढाईनंतर जिवंत राहिलो तर टोपीत मोजा लावायचा आणि हिशेब चुकता करायचा, असे ठरते. हे हातमोजे विसरू नयेत.

दुसरी पायरी: एकटा राजा

शिपाई गेल्यावर राजा पद्यात येतो. आमचे जीव, आमचे आत्मे, आमची कर्जे, आमच्या काळजीतल्या बायका, आमची मुले, आमची पापे, सारे राजावर घाला, असे तो उसासून म्हणतो. म्हणजे विल्यम्सची यादी त्याच्या कानात जशीच्या तशी राहिली आहे. मग तो राजपदाच्या डामडौलाला जाब विचारतो आणि म्हणतो की सर्वांत दीन गुलाम पोटभर भाकर खाऊन गाढ झोपतो, पण राजाला झोप नाही. इथे थांबून एक साधा प्रश्न विचारावा: त्याला आत्ताच भेटलेले तिघे झोपले होते का? ते तर त्याच्यासारखेच उजाडण्याची वाट पाहत जागे होते. राजाचे दुःख खरे आहे, एकटेपण खरे आहे, आणि तरीही स्वतःच्या दुःखात त्याला समोरचा जागा माणूस दिसेनासा झाला आहे. नेतृत्वाबद्दल इतके बारीक आणि इतके करुण निरीक्षण मी दुसरीकडे क्वचितच वाचले आहे.

लगेच प्रार्थना येते. ‘आज नको, देवा, आज नको’, माझ्या बापाने मुकुट मिळवताना केलेला अपराध आज आठवू नकोस, अशी याचना तो करतो. ज्याच्याकडून बापाने मुकुट घेतला त्या दुसऱ्या रिचर्डचा देह आपण नव्याने पुरला, पाचशे गरिबांना वार्षिक वेतन देऊन त्यांच्याकडून दिवसातून दोनदा क्षमायाचना करवली, दोन प्रार्थनागृहे बांधली, हे तो देवापुढे मांडतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्याची किंमत काही नाही. शिपायापुढे टाळलेला हिशेब तो देवापुढे देऊ पाहतो, पण देतो तो बापाच्या पापाचा. आजच्या लढाईत पडणाऱ्या प्रेतांचा उल्लेख त्यात नाही.

तिसरी पायरी: भाषण, पण संदर्भासकट

फ्रेंच छावणीचा दुसरा प्रवेश भरभर वाचला तरी चालेल. तिसऱ्या प्रवेशात साठ हजार शत्रू असल्याचे इंग्लिश सरदार वेस्टमोरलँड सांगतो, एकास पाच असे प्रमाण दुसरा सरदार एक्झिटर सांगतो, आणि इंग्लंडातले आणखी दहा हजार लोक इथे असते तर, अशी इच्छा वेस्टमोरलँडच्या तोंडून निघते. भाषण त्या इच्छेला दिलेले उत्तर आहे. भाषणात राजा काय देऊ करतो ते एकेक करून डाव्या पानावर लिहावे. ज्याला लढण्याची हिंमत नाही त्याला परवाना आणि वाटखर्च. जो जगेल त्याला दरवर्षी बाही वर सारून व्रण दाखवण्याचा मान. जो आज माझ्याबरोबर रक्त सांडेल तो माझा भाऊ, तो कितीही हलक्या कुळातला असो, आजचा दिवस त्याला प्रतिष्ठित करील. आणि घराघरांत उच्चारली जाणारी नावे: राजा हॅरी, बेडफर्ड, एक्झिटर, वॉरिक, टॅलबट, सॉल्झबरी, ग्लॉस्टर. नावे साऱ्या सरदारांची आहेत. बेट्स, कोर्ट आणि विल्यम्स यांना राजाने काही तासांपूर्वी ऐकले होते. (इतिहासातला बेडफर्ड त्या दिवशी इंग्लंडात राजप्रतिनिधी म्हणून होता, आठवणींत नाव राहणे आणि रणावर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.)

राजाच्या बाजूने एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. फ्रेंच दूत माँटजॉय पुन्हा खंडणी विचारायला येतो तेव्हा राजा सर्वांसमोर सांगतो की त्यांना माझ्या सांगाड्याखेरीज काही मिळणार नाही. विल्यम्सचा संशय निदान एवढ्यापुरता खोटा ठरतो. राजा आपल्या माणसांसोबत मरायला तयार आहे, आणि ही तयारी ढोंग नाही.

चौथी पायरी: लढाई कुठे आहे?

आता लढाई सुरू होते, आणि इथे वाचक गोंधळतो, कारण संवादांत लढाई जवळजवळ नाहीच. इतिहासातली ही लढाई चिखलाने भरलेल्या नांगरटीत आणि इंग्लिश लांब धनुष्यांच्या जोरावर जिंकली गेली, पण शेक्सपिअरच्या लढाईत तिरंदाजांचा उल्लेखही येत नाही. शब्दांत रंगवलेली एकमेव गाठ पडते ती पिस्टल या बढाईखोराची आणि घाबरलेल्या एका फ्रेंच शिपायाची. पिस्टलला फ्रेंच येत नाही, म्हणून त्याच्या हाताखालचा नोकर पोरगा दुभाषी होतो, आणि दोनशे क्राउनच्या बदल्यात कैद्याला जीवदान मिळते. प्रेक्षक हसतात. पण प्रवेशाच्या शेवटी तो पोरगा एकटा उरतो आणि दोन गोष्टी सांगतो: पिस्टलचे सोबती बार्डॉल्फ आणि निम या दोघांत पिस्टलच्या दसपट शौर्य होते आणि ते दोघेही फासावर गेले, आणि आता मला बुणग्यांच्या तळावर जायला हवे, तिथे राखणीला पोरांशिवाय कोणी नाही, हे फ्रेंचांना कळले तर त्यांना चांगली शिकार मिळेल. हे त्याचे शेवटचे शब्द आहेत. उजव्या पानावर त्याची नोंद करावी. त्याला नाव नाही, म्हणून ‘पोरगा’ एवढेच लिहावे लागते.

पाचवी पायरी: चार ओळींचा हुकूम

सहावा प्रवेश चाळीस ओळींपेक्षाही लहान आहे आणि तो किमान तीनदा वाचावा. फोलिओतली रंगसूचना सांगते की राजा कैद्यांसह प्रवेश करतो. म्हणजे पुढचे सगळे ऐकायला कैदी रंगमंचावर हजर आहेत. एक्झिटर हा यॉर्क आणि सफक या दोन इंग्लिश सरदारांच्या मृत्यूचे वर्णन करतो, एकाने दुसऱ्याच्या जखमांचे चुंबन घेऊन प्राण सोडल्याचे सांगताना त्याचे डोळे भरून येतात आणि राजाचेही. त्याच क्षणी रणवाद्य वाजते. फ्रेंचांनी विखुरलेली माणसे पुन्हा गोळा केली आहेत असे राजा म्हणतो, आणि लगेच: प्रत्येक शिपायाने आपापले कैदी मारावेत, हुकूम पोचवा. प्रवेश संपतो. अश्रू आणि हुकूम यांच्यामध्ये दोन-तीन ओळींचेच अंतर आहे.

पुढच्या प्रवेशाची सुरुवात राजाच्या सैन्यातला वेल्श कप्तान फ्लुएलन याच्या संतापाने होते: पोरांना आणि सामानाला मारले, हे युद्धाच्या कायद्याच्या साफ विरुद्ध आहे. त्याचा सहकारी कप्तान गॉवर म्हणतो की एकही पोर जिवंत नाही, शिवाय राजाचा तंबू जाळला आणि लुटला, म्हणून राजाने कैद्यांचे गळे कापायला लावले ते योग्यच केले. येथे बोट ठेवून मागे जावे. हुकूम दिला तेव्हा राजाला पोरांची बातमी होती का? संहितेत तसे कुठेही नाही. त्याने सांगितलेले कारण नव्याने जमणाऱ्या शत्रूचे होते. शेक्सपिअरने ज्या बखरकाराचा आधार घेतला त्या हॉलिन्शेडने तळावरच्या पोरांचा आक्रोश आणि शत्रू पुन्हा जमण्याची भीती या दोन्ही गोष्टी हुकमाआधी एकत्र सांगितल्या होत्या. शेक्सपिअरने त्या सोडवून वेगळ्या केल्या. परिणाम असा की सूडाचे नैतिक समर्थन कृत्यानंतर, दुसऱ्याच्या तोंडून, अंदाजाने येते. मोठी माणसे निर्णय घेतात आणि त्या निर्णयाला शोभेलसे कारण त्यांचे चाहते मागाहून पुरवतात, हे इतक्या शांतपणे कोणी दाखवले असेल असे मला वाटत नाही.

तरी राजाला एकतर्फी दोषी ठरवून पान उलटू नये. थोड्या माणसांनी शत्रूच्या राखलेल्या लोकांना सांभाळावे की नव्या हल्ल्याला तोंड द्यावे, ही अडचण खरी होती. नंतर राजा स्वतः येऊन म्हणतो की फ्रान्समध्ये आल्यापासून मला या क्षणापर्यंत राग आला नव्हता, आणि पुन्हा कैद्यांचे गळे कापण्याची धमकी देतो, जणू पहिला हुकूम दिलाच नव्हता. आठव्या प्रवेशात एक्झिटर ऑर्लिअन्स आणि बूर्बाँ यांच्यासह दीड हजार उमराव कैदी असल्याचे सांगतो, तेव्हा हुकूम कितपत अमलात आला हाही प्रश्न उघडा राहतो. पिस्टलच्या दोनशे क्राउनच्या कैद्याचे काय झाले? क्वार्टोत हुकमानंतर पिस्टल मोडक्या फ्रेंचमध्ये गळा कापण्याची आरोळी देतो. तालीम करणाऱ्यांनी तो कैदी मंचावर ठेवायचा की नाही हे आधी ठरवावे, कारण दयेच्या सौद्याची किंमत तिथे दिसते. हा हुकूमच वगळून टाकण्याची वाट सोपी आहे. महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी केलेल्या चित्रपटात तो गाळला होता. त्या वेळची गरज समजते, पण तो गाळल्यावर उरतो तो राजा सोपा होतो.

फ्लुएलनने याच ठिकाणी राजाची अलेक्झांडरशी केलेली तुलनाही सोडू नये. अलेक्झांडरने दारूच्या नशेत आपला मित्र क्लायटस याला मारले, आपल्या राजाने शुद्धीवर असताना त्या लठ्ठ सरदाराला दूर केले, असे तो कौतुकाने सांगतो. लठ्ठ सरदाराचे, म्हणजे राजाच्या तरुणपणीच्या सोबत्याचे, फॉल्स्टाफचे, नाव त्याला आठवत नाही. कैद्यांच्या हुकमाला लागूनच ही आठवण आली आहे.

सहावी पायरी: यादी आणि हातमोजा

आठव्या प्रवेशात मृतांची यादी वाचली जाते. फ्रेंच दहा हजार. त्यांतले १२६ राजपुत्र आणि निशाणधारी उमराव, ८,४०० सरदार आणि कुलीन, फक्त १,६०० भाडोत्री. इंग्लिश: यॉर्कचा ड्यूक, सफकचा अर्ल, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम, नाव घेण्याजोगे आणखी कोणी नाही, आणि इतर सगळी माणसे मिळून फक्त पंचवीस. इतिहासकार इंग्लिश मृतांचा आकडा याहून बराच मोठा मानतात, पण आपल्याला नाटकातली यादी वाचायची आहे. सकाळच्या भाषणातले ‘कितीही हलक्या कुळातला असो, माझा भाऊ’ हे डाव्या पानावरचे वाक्य आणि ‘नाव घेण्याजोगे आणखी कोणी नाही’ हे वाक्य शेजारी ठेवावे. मग तळावरच्या पोरांना या पंचविसांत शोधावे. त्यांचा उल्लेख नाही. राजा विजयाचे सारे श्रेय देवाला देतो, बढाई मारणाऱ्याला मृत्युदंड जाहीर करतो, आणि स्तोत्र गायला सांगतो. ही नम्रता खरी आहे असेच मी मानतो.

यादीच्या जरा आधी हातमोज्याचा हिशेब होतो. राजाने विल्यम्सचा मोजा फ्लुएलनला देऊन टाकलेला असतो, तोही खोटे कारण सांगून, त्यामुळे विल्यम्सचा ठोसा फ्लुएलनला बसतो. मग राजा उघड होतो: तू शिवीगाळ केलीस ती मलाच. विल्यम्स गुडघे टेकत असेल, पण शब्द वाकवत नाही. महाराज आपण आपल्या रूपात आला नव्हता. त्या रूपात आपल्याला जे सोसावे लागले तो दोष आपला समजावा, माझा नव्हे. आपण मला वाटलात तेच असता तर माझा काही अपराध नव्हता, असे तो म्हणतो. साऱ्या अंकात राजाच्या तोंडावर ‘दोष आपला’ म्हणणारा हा एकटाच माणूस आहे.

राजा मोजा सोन्याच्या नाण्यांनी भरून द्यायला सांगतो आणि तो टोपीत मानाने मिरव म्हणतो. फ्लुएलनही बारा पेन्स पुढे करतो, जोडे दुरुस्त करायला होतील म्हणून, आणि विल्यम्स त्याला उत्तर देतो: तुमचे पैसे मला नकोत. राजाच्या नाण्यांबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. संहितेत त्याने मोजा घेतला की नाही याची सूचना नाही. वाचनगटात ही जागा आली की प्रत्येकाने आपापल्या वहीत, दुसऱ्याला न विचारता, विल्यम्सचा हात कुठे आहे ते लिहावे, आणि मग सर्वांनी आपले लिहिलेले वाचून दाखवावे.